चिखलदरा: डोंगरावरच्या गावाचे वर्ष

(कार्यकर्त्यांसाठी अभ्यासपाठ)



मेळघाटात पहिल्यांदा कामाला निघालेल्या कार्यकर्त्याला आपण गावांची यादी देतो, औषधांची पेटी देतो, कोणत्या अंगणवाडीत कोणाला भेटायचे ते सांगतो. ज्या गावातून तालुक्याचा कारभार चालतो त्या चिखलदऱ्याची ओळख मात्र बहुतेकांना सहलीच्या आठवणीतून असते: पॉइंट, धुके, किल्ला, भाजलेले मक्याचे कणीस. या पाठात आपण त्याच गावाचा इतिहास आणि तिथले जीवन थोडे सावकाश पाहू. इतिहासासाठी इतिहास वाचणे हा हेतू नाही. चिखलदऱ्याबद्दल जे लिहिले गेले ते बहुतेक सगळे घाट चढून वर आलेल्या माणसांनी लिहिले. जे आधीपासून तिथे होते, त्यांचे वर्ष कसे सुरू होते आणि कुठे अडते, हे त्या लिखाणात फारसे सापडत नाही. आपले काम नेमके तिथेच, वर्ष अडते त्या जागी आहे. म्हणून हा पाठ वाचताना एक प्रश्न मनात ठेवावा: ही गोष्ट कोणत्या बाजूने सांगितली जात आहे?

१. जागा आणि पाणी

चिखलदरा अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या गाविलगड रांगेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंचीवर वसले आहे. परतवाड्याहून निघाले की साधारण ३० किलोमीटरच्या प्रवासात संत्र्याच्या बागा आणि कपाशीची शेते मागे पडतात आणि साग, बांबू, मोहाचे रान सुरू होते. विदर्भाचा उन्हाळा ज्यांनी भोगला आहे त्यांना इथली हवा म्हणजे मोठे सुख वाटते.

पूर्वी मेळघाट हा एकच तालुका होता. पुढे त्याचे धारणी आणि चिखलदरा असे दोन तालुके झाले. दोन्ही तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात येतात. चिखलदऱ्याची नगरपरिषद महाराष्ट्रातील सर्वांत लहान नगरपरिषदांपैकी एक आहे. २०११ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या सुमारे पाच हजार होती. तहसील, पंचायत समिती, ग्रामीण रुग्णालय, शाळा, वनखात्याची कार्यालये आणि हॉटेले एवढ्यावर गावाचे पोट चालते. सेमाडोह, काटकुंभ, चुरणी, जारिदा, हतरू अशा दूरदूरच्या गावांतली माणसे दाखल्यासाठी, उपचारासाठी किंवा मजुरीच्या पैशांची चौकशी करायला इथे येतात. त्यांच्या लेखी चिखलदरा म्हणजे 'सरकारचे गाव'.

इथे वर्षाला दीड हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. उत्तरेकडच्या सिपना, गडगा, खापरा, खंडू, डोलार या नद्या तापीकडे धावतात. दक्षिणेकडची चंद्रभागा अचलपूरच्या मैदानात उतरून पूर्णेला मिळते आणि ते पाणीही शेवटी तापीतच जाते. म्हणजे एवढा पाऊस पडूनही पाणी डोंगरावर थांबत नाही. काळ्या बसाल्ट खडकावर मातीचा थर पातळ, उतार तीव्र. त्यामुळे ऑगस्टमध्ये ज्या गावाची वाट पुराने बंद होते, त्याच गावात मे महिन्यात हंडाभर पाण्यासाठी रांग लागते. खडीमलसारख्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो, विहिरीत पाणी ओततो आणि मग बाया-मुली त्या विहिरीतून ते पुन्हा शेंदतात. पर्यटक धबधबा पाहतो त्याच डोंगराची ही दुसरी बाजू आहे.

२. एका डोंगराच्या दोन कथा

चिखलदऱ्यात गेलेल्या प्रत्येकाला पहिली कथा सांगितली जाते ती महाभारताची. विराट राजाची राजधानी जवळच्या वैराटला होती, तिथे पांडव अज्ञातवासात राहिले, भीमाने कीचकाला मारून दरीत फेकले, म्हणून 'कीचकदरा' आणि त्यावरून चिखलदरा. भीमाने हात धुतले ते भीमकुंड.

दुसरी कथा कोरकूंची आहे आणि ती फलकावर लिहिलेली दिसत नाही. रावणाने पाहिले की विंध्य आणि सातपुड्याचे डोंगर ओसाड आहेत. त्याने महादेवाला विनवले, इथे माणसे वसव. महादेवाने आपला दूत कावळा कागेसर याला तांबड्या मातीचे वारूळ शोधायला पाठवले. त्या मातीची त्याने एक पुरुष आणि एक स्त्री घडवली. इंद्राने पाठवलेल्या घोड्यांनी त्या मूर्ती तुडवून टाकल्या. मग महादेवाने आधी मातीचे कुत्रे घडवले, त्यांच्यात प्राण घातला, त्यांनी घोड्यांना अडवले आणि मग पुन्हा घडवलेली जोडी जगली. तीच मूला आणि मूलाई, कोरकूंचे आदिपुरुष आणि आदिमाता.

दोन्ही कथा शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिल्या कथेत डोंगर म्हणजे राजपुत्रांनी काही काळ लपायला निवडलेली जागा. दुसऱ्या कथेत डोंगर म्हणजे माणूस ज्या मातीतून झाला ती माती. आपल्या विश्वासापेक्षा ही कथा वेगळी आहे हे उघड आहे. पण आपल्या जमिनीशी आपले नाते काय, हे एक समाज स्वतःच्या तोंडाने सांगत असतो तेव्हा आधी ऐकून घ्यावे. पुढे पुनर्वसनाचा विषय येईल तेव्हा ही तांबडी माती आठवावी.

'कोरकू' या शब्दाचा अर्थही लक्षात ठेवण्यासारखा आहे. कोरो म्हणजे माणूस आणि 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे 'माणसे'. त्यांची भाषा मराठीच्या किंवा हिंदीच्या घराण्यातली नाही, गोंडीच्याही नाही. ती मुंडा कुळातली, झारखंडच्या मुंडारी आणि संथाळीची नातलग आणि त्या कुळातली सर्वांत पश्चिमेकडची भाषा आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश मिळून सात लाखांहून अधिक लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून नोंदवली.

३. दगडावर लिहिलेले आणि लाकडावर कोरलेले

चिखलदऱ्याजवळचा गाविलगड किल्ला बहामनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५ साली बांधला असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. 'गाविल' हे नाव मात्र त्याआधीपासून इथे गुरे राखणाऱ्या गवळ्यांचे. पुढे किल्ला वऱ्हाडच्या इमादशाहीकडे, मग अहमदनगरच्या निजामशाहीकडे, मोगलांकडे आणि शेवटी नागपूरकर भोसल्यांकडे गेला. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली याने तो जिंकला. कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने उत्तरेच्या बाजूने तोफा चढवल्या. त्यासाठी डोंगरातून रस्ता करत अनेक दिवस त्या ओढत न्याव्या लागल्या. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन.

ही सगळी माहिती खरी आहे, ती पाठ करावी. पण ज्या डोंगरात या तोफा चढल्या, त्या डोंगरातल्या पाड्यांनी तो डिसेंबर कसा काढला, हे कोणी लिहून ठेवले नाही. किल्ल्याचे शिलालेख दगडावर आहेत. कोरकूंची नोंद लाकडावर असते. घरातले माणूस गेले की काही काळाने 'सिडोली' हा विधी करून मृताला पूर्वजांत मिळवतात. त्यासाठी सागाच्या फळीवर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार कोरून ती गावाबाहेर झाडाखाली उभी करतात. दगड पाच-सहाशे वर्षे टिकला, लाकूड काही पावसाळ्यांत कुजते. म्हणून कोणाचा इतिहास उरला हे पाहून कोणाला इतिहास होता असे ठरवू नये.

४. 'शोध' लागलेले गाव

१८२३ साली हैदराबाद रेजिमेंटच्या कॅप्टन रॉबिन्सनने चिखलदऱ्याचा 'शोध' लावला असे सगळीकडे छापलेले असते. तिथे त्याच्याआधी गवळी गुरे चारत होते, कोरकू कोदो-कुटकी पेरत होते. शोध लागला तो एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, छावणीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना. उन्हाळ्यात आजारी शिपाई आणि साहेब वर येऊ लागले, बंगले झाले, बागा झाल्या. कॉफीची लागवडही झाली आणि ती आजवर टिकली आहे. महाराष्ट्रात कॉफी पिकवणारे गाव म्हणून चिखलदऱ्याचे नाव घेतले जाते.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. त्यानंतर डोंगराच्या जीवनात किल्ल्याच्या लढाईपेक्षाही मोठा बदल झाला, पण तो बंदुकीने नव्हे, नकाशावरच्या रेघेने. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात मेळघाटचे सागाचे जंगल राखीव झाले. झाडे तोडून, राब जाळून, दोन-तीन वर्षे पेरून पुढे सरकायची जुनी फिरती शेती बंद पडत गेली. जंगलकामाला मजूर हवे म्हणून वनखात्याने वनग्रामे वसवली. जो माणूस कालपर्यंत डोंगर आपला समजत होता, तो आता सरकारच्या जंगलात सरकारचा मजूर झाला. लाकूड, चारा, मोहफुले या रोजच्या गोष्टी परवानगीच्या झाल्या.

आज गावातली म्हातारी माणसे शासकीय माणूस दिसला की उठून उभी राहतात, थोडे मागे सरकतात, विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला 'हो' म्हणतात. नवा कार्यकर्ता याला भिडस्तपणा समजतो. तो दीडशे वर्षांचा शिकलेला सावधपणा आहे. अशा 'हो'वर विसावून आपला अहवाल लिहू नये.

५. मिशनचे काम आणि भाषेचा धडा

१९ व्या शतकाच्या अखेरीस 'कुर्कू अँड सेंट्रल इंडियन हिल मिशन' या नावाची मिशन संस्था एलिचपूर आणि मेळघाट भागात काम करू लागली. तो काळ कठीण होता. १८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाडात हाहाकार केला होता. त्या कामाबद्दल आज बरे-वाईट दोन्ही बोलता येईल. पण त्यातून आपल्यासाठी एक ठळक धडा आहे. मिशनरी जॉन ड्रेक यांनी लिहिलेले कोरकू भाषेचे व्याकरण १९०३ साली कलकत्त्याहून प्रसिद्ध झाले. ज्या भाषेला लिपी नव्हती, शाळा नव्हती, दरबारात स्थान नव्हते, तिची क्रियापदे आणि प्रत्यय एक परका माणूस चुलीशेजारी बसून लिहून घेत होता. पुढे कॅथलिक धर्मगुरू आणि मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन फुक्स यांनी मध्य प्रदेशातील कोरकूंवर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला. तो १९८८ मध्ये निघाला.

आज रस्ता आहे, मोबाईल आहे, गाडी आहे. तरी आपल्यापैकी किती जणांना कोरकूतून दहा वाक्ये बोलता येतात? मेळघाटात हिंदीवर काम भागते, हे खरे. बाजारात आणि दवाखान्यात भागते. पण बाळ दूध ओढत नाही, रात्री अंग तापते, सासू दवाखान्याला नको म्हणते, हे बाई हिंदीत सांगत नाही. ते ती स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या माणसाला सांगते. पाण्याला 'डा', खाण्याला 'जोम' इथून सुरुवात केली तरी पुरे. लहान मुले हसतील आणि दुरुस्त करतील. त्या दुरुस्तीतूनच ओळख वाढते.

पहिलीच्या वर्गाचेही तसेच आहे. घरात फक्त कोरकू ऐकलेले मूल शाळेत येते तेव्हा मराठी त्याला परकी भाषा असते. ते गप्प बसते म्हणून 'कच्चे' ठरते. अशा वर्गात कोरकू जाणणारी एक ताई किंवा दादा असला की तेच मूल बोलू लागते.

६. वर्षाचे चक्र

आता या पाठाचा मुख्य भाग. चिखलदरा तालुक्यातल्या कोरकू कुटुंबाचे वर्ष कसे फिरते ते पाहू.

पावसाळा (जून ते सप्टेंबर). पेरणीचे, निंदणीचे दिवस. पूर्वी कोदो, कुटकी, ज्वारी पेरत. आता सोयाबीनसारखे विकायचे पीक वाढले आहे. घरातले धान्य संपत आलेले असते आणि नवे हाती यायला वेळ असतो. आई दिवसभर शेतात, तान्हे बाळ थोरल्या बहिणीच्या कडेवर. नाले भरतात, वीज जाते, फोन लागत नाही. हिवताप, जुलाब, न्यूमोनिया याच दिवसांत येतात.

दिवाळी (ऑक्टोबर-नोव्हेंबर). पीक घरात येते. गुरे राखणारे गोंड, ज्यांना इथे थाट्या म्हणतात, दिवाळीनंतरच्या आठवडी बाजारात सजून, घुंगरू बांधून, बासरीच्या सुरावर नाचतात. त्यालाच घुंगरू बाजार म्हणतात. वर्षभर गुरे राखल्याचा मोबदला आणि बक्षिसी याच दिवसांत मिळते.

हिवाळा (डिसेंबर ते फेब्रुवारी). सोयाबीनचे पैसे उधारीत जातात. मग घरे कुलूपबंद होतात किंवा म्हाताऱ्या माणसांवर सोडली जातात. तरुण जोडपी मुलांसह घाट उतरून अचलपूर, अमरावती, अकोटकडे जातात: संत्र्याच्या बागा, कापूस वेचणी, हरभरा सोंगणी, वीटभट्ट्या.

होळी (फाल्गुन). कोरकूंचा सर्वांत मोठा सण. कुठेही असला तरी माणूस होळीला घरी येतो. काही दिवस ढोल, नाच, गाणी. बाया रस्त्यावर गाडी अडवून फगवा मागतात. गावातले झाडून सगळे एकत्र दिसण्याचा हा वर्षातला एकमेव काळ.

उन्हाळा (मार्च ते मे). मोहफुले, चारोळी, तेंदूपत्ता. हाती थोडा रोख पैसा येतो. रोजगार हमीची कामे निघाली तर घरची माणसे गावातच राहतात, नाही तर पुन्हा खाली उतरतात. पाण्यासाठी बायांची पायपीट वाढते. आणि नेमका याच वेळी चिखलदऱ्याच्या हॉटेलांत हंगाम भरतो.

७. हे चक्र अडते तिथे मूल दगावते

१९९० च्या दशकात मेळघाटातील कुपोषण आणि बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला. न्यायालयात याचिका झाल्या, समित्या आल्या, १९९५ पासून आदिवासी भागासाठी नवसंजीवनी योजना सुरू झाली. पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या गावांत पावसाआधीच काही महिन्यांचे धान्य पोहोचवायचे, वैद्यकीय पथके फिरवायची, हे तिचे भाग आहेत. म्हणजे मृत्यूला ऋतू आहे हे शासनानेही मान्य केले. २०१५ पासून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनाही आहे.

बैरागडला १९८० च्या दशकापासून राहून रुग्णसेवा करणारे डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. धारणीजवळच्या उतावलीला डॉ. आशीष सातव आणि त्यांच्या 'महान' संस्थेने गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. दोन्ही कामांत एक समान गोष्ट आहे. ही माणसे शिबिर करून परत गेली नाहीत, पावसाळ्यातही तिथेच राहिली.

मूल का दगावते याचे एकच कारण सांगता येत नाही. आई कमी वयाची, तिच्या अंगात रक्त कमी, बाळ कमी वजनाचे, जुलै महिन्यात घरात धान्य नाही, नाल्याला पूर. यातली दोन-तीन कारणे एकत्र आली की बाळ हातचे जाते. स्थलांतर त्यात भर घालते. डिसेंबरमध्ये वजन घेतलेले मूल जानेवारीत वीटभट्टीवर असते; गावच्या अंगणवाडीच्या वहीत ते 'गैरहजर' आणि खालच्या गावच्या वहीत त्याचे नावच नाही. मार्चमध्ये परत येते तेव्हा लस चुकलेली, वजन घटलेले.

इथे डंब्याचा उल्लेख करायलाच हवा. पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटावर तापवलेल्या विळ्याने चटके देण्याचा हा प्रकार आजही घडतो. तो थांबलाच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण चटके दिलेल्या बाळाच्या आईला दवाखान्यात चार लोकांसमोर रागावले, तर पुढचे आजारी बाळ ती दवाखान्यात आणणारच नाही. ती भूमकाकडे का गेली? तो गावातच आहे, रात्री उठतो, तिच्या भाषेत बोलतो, पैसे उधार ठेवतो. आपण यातले काय देतो? आरोग्य विभागाने आणि काही संस्थांनी भूमकांना विरोधक न मानता, रुग्ण दवाखान्यात पाठवणारा दुवा म्हणून सोबत घेण्याचे प्रयत्न केले आहेत. तो मार्ग लांबचा असला तरी धरण्यासारखा आहे.

८. वाघ, पर्यटक आणि गाव

१९७३-७४ मध्ये देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाटचा समावेश झाला. १९८७ मध्ये गुगामल राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. वाघ वाचला पाहिजे हे खरेच. त्यासाठी गाभ्यातली गावे बाहेर हलवण्याचे काम सुमारे दोन दशकांपूर्वी बोरी, कोहा, कुंड या गावांपासून सुरू झाले. २००८ नंतर प्रत्येक कुटुंबाला दहा लाख रुपये असा मोबदला ठरला. काही कुटुंबांना शाळा, रस्ता, दवाखाना जवळ आला. काहींचे पैसे दोन-चार वर्षांत संपले आणि जमीन, मोह, नदी मागेच राहिली. जानेवारी २०१९ मध्ये पुनर्वसित गावकरी जुन्या गावच्या ठिकाणी परतले तेव्हा वनकर्मचारी आणि पोलिसांशी त्यांचा संघर्ष झाला. तांबड्या मातीची कथा इथे आठवते.

दुसरी बाजूही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळण्याची वाट उघडली. मेळघाटच्या पायथ्याच्या पायविहीर गावाला २०१२ मध्ये १९३ हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. गावाने चराई आवरली, झाडे लावली, पाणी अडवले, सीताफळाची विक्री स्वतः केली आणि २०१४ मध्ये जैवविविधतेसाठीचा राष्ट्रीय पातळीवरील पुरस्कार मिळवला. जंगल राखण्यासाठी गाव हलवणे हा एकच उपाय नाही, हे या गावाने करून दाखवले.

चिखलदरा गावात आता मोठी पर्यटन योजना आहे. सिडकोमार्फत दरीवर सुमारे ४०० मीटर लांबीच्या काचेच्या स्कायवॉकचे काम हाती घेतले गेले. पर्यटनाने रोजगार येतो, मोथ्याचा खवा विकला जातो, तरुणांना गाडी चालवायचे काम मिळते. पण हॉटेलात पाणी कुठून येते आणि त्याच आठवड्यात शेजारच्या पाड्यावर टँकर किती वाजता येतो, हे दोन्ही एकाच कागदावर लिहायची सवय आपण लावून घ्यावी.

९. आपल्या कामाचे पंचांग

वरचे चक्र समोर ठेवले तर आपल्या कामाच्या तारखा आपोआप बदलतात.

(१) मुलांची वजने आणि गरोदर मातांच्या भेटी मे अखेर एकदा पूर्ण कराव्यात. पावसाळ्यात कोणत्या घरात धोका आहे हे पूर येण्याआधी माहीत हवे.

(२) जून ते सप्टेंबर या काळात बाहेरून शिबिर नेण्यापेक्षा गावातल्याच एका बाईला थर्मामीटर, वजनकाटा, मीठ-साखरेचे पाणी आणि धोक्याची लक्षणे शिकवून ठेवावीत. नाला भरला तरी ती गावातच असते.

(३) दिवाळीनंतर लगेच, कुटुंबे खाली उतरण्याआधी, प्रत्येक मुलाचे लसीकरण कार्ड आईच्या हाती द्यावे आणि ती कोणत्या गावी जाणार ते लिहून घ्यावे. त्या गावच्या अंगणवाडीताईला आणि आशाताईला आपण फोन करावा.

(४) जानेवारीत बंद घरांसमोर कार्यक्रम ठेवू नये. त्या महिन्यात आपण बागेत आणि भट्टीवर जावे.

(५) होळीला कोणताही प्रशिक्षणवर्ग ठेवू नये. बोलावले तर जावे, बसावे, नाच पाहावा. वर्षभरात कोण आले, कोण गेले, कोणाच्या घरी पाळणा हलला, हे तिथेच कळते.

ही यादी प्रत्येक गावात थोडी बदलेल. गवळ्यांच्या मोथ्यात जे चालते ते हतरूला चालणार नाही. म्हणून आधी त्या गावातल्या आजीला तिचे वर्ष विचारावे आणि मग आपली यादी करावी.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपण ज्या गावात काम करतो त्या गावाचा लिहिलेला इतिहास कोणी लिहिला आहे? गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या व्यक्तीने सांगितलेला इतिहास त्याहून कुठे वेगळा आहे?

२. मागील वर्षी आपले कार्यक्रम कोणत्या महिन्यांत झाले? त्या महिन्यांत गावात किती घरे उघडी होती?

३. आपल्या नोंदवहीतील 'गैरहजर' मुलांपैकी किती मुले स्थलांतरित आहेत? ती आज कुठे आहेत?

४. एखाद्या आईने डंबा दिलेले बाळ आपल्याकडे आणले, तर पहिले वाक्य काय बोलाल? शक्य असल्यास ते कोरकूतून तयार करा.

५. पर्यटन, व्याघ्र प्रकल्प आणि वनहक्क यांपैकी कोणत्या विषयावर आपल्या गावाची ग्रामसभा बोलली आहे? नसल्यास ती का बोलली नाही?

प्रत्येक केंद्राने दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे आकड्यांसह लिहून पुढच्या बैठकीला आणावीत. पावसाळ्याच्या कामाची आखणी त्यावरूनच करायची आहे.